जुनी अर्टिगा घ्यायची की नवी? कोल्हापूरकरांसाठी पायरीपायरीने

घरात आई-वडील, दोन मुलं, वर्षातून चार वेळा जोतिबा, सुट्टीत कोकण. एवढं गणित मांडलं की कोल्हापुरात बऱ्याच घरांची चर्चा मारुतीच्या सातजणांच्या अर्टिगावर येऊन थांबते. मग पुढचा प्रश्न पडतो. चार-पाच लाख वाचवून २०१४-१५ ची घ्यावी, की कर्ज काढून अलीकडची?

इथे पहिली गफलत होते. 'जुनी' आणि 'नवी' अशा दोनच अर्टिगा आहेत असं धरून लोक बाजारात उतरतात. नाव एक असलं तरी रस्त्यावर निदान चार वेगळ्या गाड्या आहेत. त्यांचं इंजिन वेगळं, वजन वेगळं आणि पुढचा खर्चही वेगळा. आपण नक्की कोणती बघतोय हे कळल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नका.

१. आधी गाडीची पिढी ओळखा

आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष, दोन्ही असतात. बघायचा तो उत्पादनाचा महिना. मॉडेल बदलताना शोरूममध्ये जुना साठा शिल्लक असतो. त्यामुळे २०१९ ची नोंदणी असलेली गाडी २०१८ च्या जुन्या बांधणीची निघू शकते.

एप्रिल २०१२ ते सप्टेंबर २०१५: पहिली अर्टिगा. लांबी ४२६५ मिमी, रुंदी १६९५ मिमी. पेट्रोल १३७३ सीसी, डिझेल १२४८ सीसी. हे डिझेल म्हणजे फियाटच्या परवान्यावर बनलेलं मल्टिजेट.

ऑक्टोबर २०१५ ते २०१८: तीच गाडी, तोंडवळा बदललेला. डिझेलला एसएचव्हीएस ही सौम्य हायब्रिड यंत्रणा (इंजिनाला बॅटरीची थोडी मदत) आली. पेट्रोलमध्ये चार गिअरची ऑटोमॅटिक मिळू लागली.

नोव्हेंबर २०१८ ते मार्च २०२२: पूर्ण नवी बांधणी, हार्टेक्ट नावाचा प्लॅटफॉर्म (गाडीचा मूळ सांगाडा). लांबी ४३९५, रुंदी १७३५ मिमी. पेट्रोल १४६२ सीसी, १०५ पीएस. डिझेलमध्ये सुरुवातीला जुनंच १.३ होतं, २०१९ मध्ये १.५ लिटरचं आलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचं कडक मानक लागू झालं आणि डिझेल बंद पडलं.

एप्रिल २०२२ नंतर: बांधणी तीच, इंजिन ड्युअलजेट, ऑटोमॅटिक सहा गिअरची, आणि पेट्रोल-सीएनजी एवढेच पर्याय. जुलै २०२५ पासून सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग.

यातली १.५ लिटर डिझेलवाली घेताना दोनदा विचार करा. इंजिन दमदार आहे, २२५ एनएम टॉर्क (ओढण्याची ताकद) देतं. पण ते वर्षभरच विकलं गेलं, त्यामुळे त्यावर हात बसलेले मिस्त्री कमी आहेत. उलट जुनं १.३ डिझेल स्विफ्ट, डिझायर, ब्रेझा अशा कितीतरी गाड्यांत होतं. उद्यमनगरात ते डोळे झाकून उघडणारे मिस्त्री सापडतात आणि सुटे भागही लगेच मिळतात.

२. तिसऱ्या रांगेत स्वतः बसा

बहुतेक जण पुढे बसून स्टिअरिंग धरतात आणि गाडी आवडली म्हणतात. सात जणांची गाडी मागून बघायची असते. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला तिसऱ्या रांगेत बसवा. त्याच्या पुढची सीट मधल्या माणसाला आरामात बसता येईल इतकी मागे घ्या. आता गुडघे कुठे टेकतात ते बघा.

दोन्ही पिढ्यांचा (नोव्हेंबर २०१८ आधीची आणि नंतरची) व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७४० मिमीच आहे. वाढलेली १३० मिमी लांबी त्यामुळे मुख्यतः पुढे-मागे गेली आहे. तिचा खरा फायदा डिकीत दिसतो: सगळ्या सीट उघड्या असताना जुनीत १३५ लिटर जागा, नवीत २०९. जुनीत सात माणसं बसली की मागे दोन पिशव्या मावतात. नवीत दोन मध्यम बॅगा उभ्या राहतात. कंपनीच्या सीएनजी गाडीत ही जागा सिलिंडर खातो. सातही जण सामानासह जाणार असाल तर सीएनजीबरोबर कॅरिअरचा खर्च धरा.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या बोळात राहणाऱ्यांनी लांबी-रुंदी टेपने मोजावी. ४० मिमी रुंदी कागदावर काहीच वाटत नाही, पण फाटकातून आरसे मिटून गाडी काढावी लागत असेल तर रोज जाणवते.

मागच्या एसीची खात्री करा. छतावरचा ब्लोअर सगळ्या व्हेरियंटना नाही, खालच्या व्हेरियंटमध्ये तो नसतो. एप्रिल-मेमध्ये मागे बसलेले म्हातारे-पोरं घामाघूम होतात आणि ही सोय बाहेरून नीट बसवून मिळत नाही.

३. घाटात सातजण बसवून चालवा

पुणे-बेंगळुरू हायवेवर रिकामी गाडी पळवून काहीही कळत नाही. केर्लीवरून वाघबीळला या आणि तिथून पन्हाळ्याचा चढ भरलेल्या गाडीने, एसी चालू ठेवून चढा. विकणारा 'एवढं कशाला' म्हणाला तर निदान पाच माणसं तरी घ्याच.

आकडे आधी समजून घ्या. जुनं पेट्रोल १३० एनएम देतं, नवं १३८. फरक थोडा आहे, आणि दोन्हींत तो टॉर्क चार हजार आरपीएमच्या पुढेच पूर्ण मिळतो. जुनं १.३ डिझेल मात्र १७५० आरपीएमलाच २०० एनएम देतं. म्हणून भरलेल्या गाडीने वळणावर वेग कमी होऊन पुन्हा उचलायचं असेल तर जुनी डिझेल तिसऱ्या गिअरमध्ये निभावते. नवी पेट्रोल दुसऱ्यावर आणावी लागते आणि आरपीएम तीन हजारांवर ठेवावा लागतो. ही नव्या गाडीतली खराबी समजू नका, त्या इंजिनाचा स्वभावच तो आहे. ज्यांचं महिन्याला दोनदा गगनबावडा किंवा आंबा घाटातून कोकणात जाणं आहे, त्यांनी चांगली राखलेली जुनी डिझेल 'जुनी' म्हणून सोडून देऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

ऑटोमॅटिक हवी असेल तर २०२२ नंतरचीच बघा. चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये दोन गिअरमधलं अंतर मोठं आहे. चढावर ती एक गिअर खाली येते, इंजिन ओरडतं, वर जाते आणि पुन्हा दम सोडते. शहरात ती चालेल, घाटात कंटाळा आणेल.

चढताना एवढं तपासा:
- क्लच: तिसऱ्यावर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला पण वेग चढला नाही, तर क्लच प्लेट संपलेली आहे.
- तापमान: वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं थांबा. पंखा सुरू होऊन बंद झाला पाहिजे.
- उतरताना: दुसऱ्या गिअरवर या, मधे ब्रेक लावा. स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क वाकड्या झाल्यात.
- खड्ड्यातून हळू जाताना पुढून 'कटकट' आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेत. हा खर्च किरकोळ आहे, पण भाव करताना सांगा.

४. डिझेल असेल तर गाडी थंडच सुरू करायला लावा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. तुम्ही पोचल्यावर बोनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

१.३ मल्टिजेटला टायमिंग चेन आहे. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज आला, तर चेन-टेन्शनरचं काम जवळ आलंय. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत हे लवकर येतं. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ चालते. भकाभक धूर आला आणि झाकण उडायला लागलं तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

२०१८ नंतरच्या पेट्रोलमध्ये एसएचव्हीएस तपासा. इंजिन तापल्यावर सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की ते आपोआप बंद झालं पाहिजे. अनेक जण ही सोय बटणाने बंद ठेवतात, तेव्हा आधी बटण बघा. या गाडीत नेहमीच्या बॅटरीशिवाय एक लिथियम-आयन बॅटरी असते. मीटरवर तिचा इशारा दिसत असेल तर दुरुस्तीचा अंदाज सर्व्हिस सेंटरकडून घेऊनच पुढे बोला.

५. पुराची गाडी ओळखा

कोल्हापूर-सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्याने हा भाग घाईने वाचू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी ओलांडून गेली. दुधाळी, नागाळा पार्क, रमणमळा, बापट कॅम्प, व्हीनस कॉर्नर, शिवाय चिखली-आंबेवाडी आणि शिरोळ तालुका पाण्यात होता. त्यातल्या कितीतरी गाड्या विम्यात 'टोटल लॉस' होऊन लिलावात गेल्या, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. विक्रेता खोटंच बोलतो असंही नाही. तिसऱ्या मालकाला स्वतःलाच ठाऊक नसतं.

वरून चकचकीत केलेल्या गाडीत गाळ नेमका कुठे राहतो?

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी रीळ अडेपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेषा किंवा कडकपणा दिसला की समजा. ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सारून खालची रूळपट्टी आणि बोल्ट टॉर्चने बघा. सीटचे बोल्ट गंजायचं एरवी कारण नाही. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचला आणि खालचा फोम बोटांनी दाबा. तो महिनोन् महिने ओल धरतो. हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेघ आहे का, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधल्या पिना हिरव्या पडल्यात का, हेही बघा. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा, म्हणजे कुबट वास वर येतो.

अर्टिगाचं स्टेपनी चाक डिकीत नसून गाडीच्या पोटाखाली लटकतं. त्यामुळे इतर गाड्यांसारखा स्टेपनीचा खड्डा बघून उपयोग नाही. त्याऐवजी जॅक ठेवायची जागा आणि डिकीच्या तळाच्या कडा बघा.

एवढी काळजी इंजिनासाठी नाही, वायरिंगसाठी आहे. इंजिन खोलून साफ करता येतं. पाणी चढलेल्या जोडण्या मात्र सहा-आठ महिन्यांनी कुजतात. मग कधी पॉवर विंडो बंद, कधी एअरबॅगचा दिवा, कधी गाडी भर रस्त्यात बंद, आणि दोष काही सापडत नाही.

६. गाडी वडापला फिरली आहे का?

अर्टिगा वडाप (सीटमागे भाडं घेऊन चालणारी वाहतूक) आणि टॅक्सीला भरपूर चालते. परवाना रद्द करून पिवळ्याची पांढरी पाटी केलेल्या गाड्या खाजगी म्हणून विकल्या जातात. हे कायदेशीर आहे, पण भाव खाजगी गाडीचा मागू नये. आरसीच्या जुन्या नोंदी आणि आधीच्या विम्याची प्रत मागा. दुसऱ्या रांगेची सीट सरकवून बघा, रूळ ढिले असतील तर रोज दहा वेळा सरकलेली आहे. मीटरवर ६० हजार किलोमीटर आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, हे जुळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी क्रमांकावरून सर्व्हिसची नोंद निघते. प्रत्येक नोंदीसमोर किलोमीटर असतात. मीटर मागे फिरवला असेल तर तिथेच उघड होतं.

७. सुरक्षिततेचा हिशेब वेगळा मांडा

२०१२ च्या खालच्या व्हेरियंटना एअरबॅग नाहीत, एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. चारचाकींत एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग २०२२ पासून. तेव्हा जुनी घेणार असाल तर दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलाच व्हेरियंट शोधा, मग थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

नवी म्हणजे एकदम भक्कम असंही नाही. दुसऱ्या पिढीच्या अर्टिगाला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१९ च्या धडक-चाचणीत तीन तारे मिळाले. २०२४ मध्ये आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीला, नव्या कडक निकषांवर, प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकच तारा मिळाला. दोन्ही वेळी सांगाडा अस्थिर ठरला. लहान मूल असेल तर दुसऱ्या रांगेत गादीच्या फटीत बोट घालून आयसोफिक्सची (मुलाची सीट अडकवायची) कडी आहे का ते बघा. मधल्या माणसाचा पट्टा खांद्यावरून येतो की नुसता कमरेचा आहे, हेही बघा.

८. पैशाचा हिशेब कागदावर

वर्षाला १०,००० किमी आणि पेट्रोल १०५ रुपये धरा. जुनी पेट्रोल प्रत्यक्षात १३ चं ॲव्हरेज देते असं धरलं तर वर्षाला सुमारे ८०,८०० रुपये. नवी १६ देते धरलं तर ६५,६००. फरक साधारण १५,००० रुपये. म्हणजे दोन गाड्यांच्या किमतीत चार लाखांचा फरक असेल तर तो निव्वळ ॲव्हरेजमधून भरून निघत नाही. 'नवी घेतली की पेट्रोलमध्येच वसूल' हा सल्ला कुणी दिला तर हा आकडा दाखवा. सीएनजी ९० रुपये किलो आणि २२ चं ॲव्हरेज धरलं तर खर्च ४१,००० च्या आसपास येतो. तिथे फरक खरा आहे, बदल्यात डिकी जाते आणि पंपावर रांग लावावी लागते. जुनी सीएनजी घेताना सिलिंडरची पाटी बघा: दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते, आणि सीएनजीची नोंद आरसीवर हवीच.

जुन्या गाडीच्या बाजूला हे खर्च लिहा:
- टायर: आकार १८५/६५ आर १५. कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी शिल्लक असूनही चारही बदलायचे धरा.
- नोंदणी: खाजगी गाडीची आरसी १५ वर्षं चालते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये नूतनीकरणाला येते. त्याची फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर आणि तपासणीसाठी लागणारी डागडुजी.
- उच्च सुरक्षा पाटी: १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला ती नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी. पाटीशिवाय आरटीओतली कामं अडतात.
- इंधनाची रबरी नळी: एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत. जुन्या पेट्रोल गाडीत नळ्या आणि सील तडकलेत का, हे मिस्त्रीकडून बघून घ्या.

नवी कोरी घेणाऱ्यांनी शोरूम किमतीवर रस्ता कर धरावा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के.

९. परराज्यातली स्वस्त गाडी

निपाणी, चिकोडी, बेळगाव जवळ असल्यामुळे केए २२ आणि केए २३ पाटीच्या गाड्या कोल्हापुरात सहज दाखवल्या जातात, एमएच ०९ पेक्षा स्वस्तही असतात. पण तिकडच्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणावी लागते, इथला कर भरावा लागतो, तपासणी होते आणि बारा महिन्यांच्या आत इथला क्रमांक घ्यावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मिळतो, पण तो मागे लागून. हा सगळा खर्च धरूनही गाडी स्वस्त पडत असेल तरच घ्या, आणि ना-हरकत हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. दिल्ली पाटीची दहा वर्षांची डिझेल फार स्वस्त मिळते, कारण तिथे अशा गाड्यांवर बंदीचा निर्णय झाला होता. तिलाही हीच वाट.

१०. टोकन देण्याआधी आणि नंतर

गाडी बघायला जाताना टॉर्च, छोटं चुंबक (पुट्टी भरलेल्या पत्र्यावर ते चिकटत नाही), मोजायची टेप आणि जमल्यास स्कॅनर असलेला मिस्त्री बरोबर घ्या. मिस्त्री तुमचा असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागदपत्रं:
- मूळ आरसी. चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः जुळवा
- चालू विमा आणि पीयूसी
- कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्यासाठी)
- गाडी नावावर करायचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांनी
- दोघांचा ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पॅन
- दोन्ही चाव्या

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडी क्रमांक टाकून थकलेली ई-चलनं आणि कर्जाचा बोजा आधीच बघा. 'कर्ज फिटलंय, नोंद काढायची राहिली आहे' असं सांगतात. नोंद निघेपर्यंत गाडी बँकेकडे गहाण आहे असंच धरायचं.

कोरे सही केलेले फॉर्म घेऊन 'नंतर नावावर करू' म्हणून गाडी ठेवून देणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. खरेदीनंतर ३० दिवसांत हस्तांतराची नोंद करायची असते. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. हप्त्याचा अंदाज ही सवलत न धरताच मागा. १००० ते १५०० सीसीसाठी थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२ च्या दरानुसार ३,४१६ रुपये आहे, त्यावर जीएसटी.

व्यवहाराच्या दिवशीच विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा. एका गाडीवर एकच टॅग चालतो. जुना चालू राहिला तर तुमचा नवा टॅग निघत नाही, आणि पुण्याला निघालात की किणी नाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून कापले जातात.